मागून उठणारा बैल

पत्र्याचं दार ओढलं तसा तो वास आला. कातड्याचा, शिळ्या डिझेलचा, जवसाच्या तेलाचा, आणि या सगळ्यांच्या खाली दबलेला गोठ्याचा. ही शेड मुळात आमचा गोठाच. गव्हाणीच्या दगडाला दाव्यांनी पडलेल्या खाचा अजून आहेत, आणि त्या गव्हाणीकडे तोंड करून आमची गाडी बसलेली होती. उभी नव्हती, बसलेली होती. ज्यांनी असल्या भारी परदेशी गाड्या म्हातारपणी सांभाळल्या आहेत त्यांना हा फरक लगेच कळेल. बाकीच्यांसाठी सांगते. या गाड्यांना चाकांवर लोखंडी स्प्रिंगा नसतात, जाड रबराचे फुगे असतात. एक पंप त्यांच्यात हवा भरतो आणि गाडी वर उठते. खडकाळ रस्ता आला की आणखी उठते, नाला आला की त्याहून. पण फुगा जुना झाला, पंप थकला, की हवा हळूहळू निघून जाते आणि सकाळी गाडी पोट जमिनीला टेकवून बसलेली सापडते. आमची या वेळी होळीपासून बसली होती.

आणि उद्या पोळा होता.

भडगावच्या खाली गिरणेच्या काठी आमचं गाव. पोळ्याला वेशीत आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात आणि त्याखालून पहिला बैल जातो तो आमच्या घरचा. हा मान आमच्याकडे कसा आला ते कुणालाच माहीत नाही, पण गेला कसा जाईल ते सगळ्यांना माहीत आहे. बैलानं स्वतःच्या पायांनी तोरण ओलांडलं पाहिजे. दोर लावून ओढत नेला तर चालत नाही. ज्या वर्षी आमच्या घरून बैल निघाला नाही त्या वर्षी मान खालच्या गल्लीतल्या सुभाषभाऊच्या घरी जाणार, आणि गेलेला मान परत येत नसतो.

आमच्या घरी बैल नाही. आमच्या घरी ही गाडी आहे.

मी धुळ्याहून दुपारीच पोचले होते. नाना, म्हणजे माझे वडील, गोठ्याच्या दाराशी प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. त्यांचा उजवा हात आता थरथरतो. तो मांडीखाली दाबून ठेवायची त्यांना सवय लागली आहे. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "मी सुभाषले सांगी दिन्हं. बैल सजाडी ठेव म्हनं. आते मना हातमा पाना ऱ्हास नही." म्हणजे त्यांच्या हातात आता पाना टिकत नाही.

मला राग आला. नानांचा नाही, त्या मांडीखालच्या हाताचा आला. आणि गावाचाही आला, कारण गावात काय बोलतात ते मला एसटीतून उतरल्या उतरल्या ऐकू आलं होतं. "नानाले अंडोर नही. नाना थकना, म्हनजे मान थकना." अंडोर म्हणजे मुलगा. मी नानांची एकुलती एक मुलगी, धुळ्याला दिलेली, बँकेत नोकरी करणारी, म्हणजे गावाच्या हिशेबात पाहुणीच.

मी पदर खोचला आणि गाडीचं मागचं दार उघडलं.

गाडी आली तेव्हा मी जळगावला कॉलेजात होते. ती आधी कोणाची होती, नानांच्या हाती कशी लागली, हे मी कधी विचारलं नाही. आठवतं ते एवढंच की कापसाची वेचणी चालू होती, अंगणात कापसाचा ढीग पडला होता आणि त्या पांढऱ्या ढिगाशेजारी ही पांढरी गाडी येऊन उभी राहिली. आत दुधाच्या सायीच्या रंगाचं कातडं, पुढे अक्रोडाच्या लाकडाची पट्टी, छताला काच. माझी आई, अक्का, दारातून आत डोकावली आणि तिनं हात जोडले. "बाप्पा, हाई तर देव्हारा शे. इन्हामा चपला घालीसन बसानं का?" त्या दिवशी आम्ही सगळे अनवाणी बसून नदीपर्यंत जाऊन आलो. कापसाची रुई गाडीभर उडत होती आणि नाना एका हातानं ती पकडत, दुसऱ्या हातानं गाडी चालवत होते. रुई आजही सीटच्या सांध्यांत सापडते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी बसलेली. गाव गोळा झालं. "नाना, तुना बैल बसना रे!" कुणीतरी ओरडलं आणि हशा पिकला. नांगराला जुंपलं की मधेच बसकण मारणाऱ्या बैलाला आमच्याकडे बसक्या म्हणतात, आणि बसक्याला कुणी दावणीला ठेवत नाही. गाडीचं नाव तिथल्या तिथे बसक्या पडलं. नाना मात्र शांतपणे आत बसले, चावी फिरवली. पोटातून घूंऽऽ असा आवाज आला, चक्कीसारखा. आणि गाडीचा मागचा भाग हळूच वर आला. जरा थांबला. मग पुढचा भाग वर आला. गाडी उभी राहिली.

ओट्यावर माझे आजोबा, आबा, बसले होते. आयुष्यभर बैलांच्या मागे चाललेला माणूस. ते काठी टेकत उतरले, गर्दीतून पुढे आले आणि म्हणाले, "बंद कर. परत बसाड."

नानांनी गाडी खाली बसवली. पुन्हा उठवली. पुन्हा मागून, मग पुढून.

"घोडं पुढून उठस," आबा गावाकडे वळून म्हणाले, "बैल मांगून उठस. हाऊ बैल शे." आणि त्यांनी गाडीच्या पाठीवर हात फिरवला, नव्या खोंडाच्या पाठीवर फिरवतात तसा. हसणारे लोक हसायचे थांबले नाहीत, पण त्यांच्या हसण्यातली धार गेली.

आबांची शेवटची जोडी गेली त्या वर्षीचं मला सगळं आठवतं. दावण रिकामी होती आणि गव्हाणीत कडब्याचा चुरा तसाच पडून होता. अक्का सवयीनं पाण्याची बादली भरून गोठ्यापर्यंत न्यायची आणि तशीच परत आणायची. ट्रॅक्टरच्या दिवसांत नवी जोडी घ्यायची कुणी? पोळा आठवड्यावर आला तसा मानाचा प्रश्न निघाला. वेशीतल्या लिंबाखाली जाणती माणसं बसली. सुभाषभाऊचे वडील म्हणाले, "यंत्रले काय मान ऱ्हास?" आबांनी वाद घातला नाही. "सकायमा या, आनि बठ्ठा जण दखा," एवढंच म्हणाले.

सकाळी अख्खी बैठक आमच्या अंगणात. म्हातारी माणसं गाडीसमोर मांडी घालून बसली, काही तर जमिनीला गाल लावून चाकांच्या वर बघत होती. गाडी उठली, बसली, उठली. एकानं विचारलं, "आनि पानी पेस का?" आबांनी नानांना बॉनेट उघडायला लावलं, पाण्याची टाकी दाखवली आणि म्हणाले, "तुना बैलपेक्षा जास्ती पेस." मग कुणीतरी आठवण काढली की केळीचा ट्रक नदीच्या गाळात रुतला तेव्हा यानंच ओढून काढला. म्हणजे खांदा देतो. खांदा देतो, पाणी पितो, मागून उठतो. हरकत काय उरली? सुभाषभाऊच्या वडिलांनी एकच अट घातली, ती मी वर सांगितली: स्वतःच्या पायांनी जायचं, दोर लागला की मान गेला. आबांनी अट हसत कबूल केली. ते हसले कारण त्यांना त्या फुग्यांची जात माहीत नव्हती. नानांना माहीत होती, आणि नाना हसले नव्हते.

तिथून आमच्या घराची रीत बदलली. दुसऱ्यांची गाडी बिघडली की ते शहरात नेतात, पावती फाडतात, चहा पीत बसतात. आमच्या गाडीला हात लावायला जळगावात कुणी तयार नसे, आणि मोठ्या शहरात नेली तर ते आधी गाडीकडे आणि मग नानांच्या धोतराकडे बघत. एकदा असं बघितलं गेल्यावर नानांनी पुन्हा नेली नाही. छताच्या काचेवर पडणारं पाणी वाहून नेणारी नळी तुटली, तिथे त्यांनी ठिबकची नळी बसवली. ती आजतागायत गळत नाही. लाकडाच्या पट्टीला जवसाचं तेल. दारांच्या रबरांना पावडर. सायीच्या रंगाच्या सीटवर केळीच्या चिकाचे काळे डाग पडले ते मात्र गेले नाहीत. अक्कानं लिंबू लावून पाहिलं, ताक लावून पाहिलं. "ऱ्हाऊ द्या," शेवटी नाना म्हणाले, "केळीवाल्यानी गाडी शे, कळू द्या." तेव्हापासून नवा पाहुणा आला की नाना त्याला मुद्दाम त्या डागाच्या बाजूला बसवायचे.

आणि तो पंप. तो मागच्या सामानाच्या कप्प्याखाली असा दडवलेला असतो की नानांचा पंजा तिथे शिरत नसे. माझा शिरत असे. त्यामुळे घरात पोहे करायला मी उशिरा शिकले, पण न बघता, नुसत्या बोटांनी तो पंप काढायला आधी शिकले. सुट्टीत घरी आले की नाना विचारायचे, "हात धुई लिन्हा का?" तो हात जेवणासाठी धुवायचा नसायचा. मैत्रिणी मेंदीचे हात दाखवायच्या, माझ्या नखांत काळं असायचं, आणि खरं सांगते, मला त्याची लाज कधी वाटली नाही. उलट मी हात पुढे करून बोलायची.

एका हिवाळ्यात शिरपूरच्या पुढे सातपुड्यात गेलो होतो. रस्ता संपला, नुसते गोटे राहिले. नानांनी बटण दाबलं आणि गाडी आमच्यासकट वर उचलली गेली, पंप घूं करत राहिला, आणि आम्ही नाल्यातल्या पाण्यातून डुलत पलीकडे गेलो. काचा खाली होत्या. ओल्या दगडांचा, सागाच्या पाचोळ्याचा, कुठल्या तरी वस्तीवरच्या भाकरीचा वास येत होता. मागच्या सीटवर आबा डोळे मिटून बसले होते आणि त्यांच्या तोंडून बैलांना चुचकारायचा च्च् च्च् आवाज निघत होता. ते झोपेत होते की जागे, कुणास ठाऊक. एवढा सुखी माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

जळगावच्या बाजारात ताडपत्रीचा धंदा करणारे युसूफभाई आम्हाला याच गाडीनं मिळवून दिले. त्यांच्याकडे अशीच गाडी, काळी. पाचोऱ्याच्या पेट्रोल पंपावर दोन्ही गाड्या समोरासमोर आल्या आणि दोन्ही मालक आधी खाली वाकून एकमेकांच्या गाडीचं पोट बघायला लागले. नमस्कार नंतर झाला. युसूफभाई पांढराशुभ्र कुर्ता, कानात अत्तराचा फाया, बोलणं फुशारकीचं. "नाना, तेरा बैल और मेरा बैल, दोन्ही एकाच आईचे," ते म्हणायचे, "फक्त तेरेवाला गाव में बिघड गया, माझा शहरात." पण गाडीखाली शिरायचं म्हटलं की तोच कुर्ता काढून खुंटीला लावायचे आणि बनियनवर सरपटत जायचे. त्या दोघांनी सुटे भाग कधी आपले आणि त्याचे असे मोजले नाहीत. जो भाग ज्याला लागेल तो एसटीच्या कंडक्टरच्या हाती निघायचा. भडगाव स्टँडवर कंडक्टर ओरडायचा, "नाना, तुमच्या बैलाचा गुडघा आला!" आणि स्टँडवरच्या नव्या माणसांचे चेहरे बघण्यासारखे होत.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदमळणी असते. वर्षभर जू वाहिलेला बैलाचा खांदा हळद आणि तूप लावून मळायचा आणि त्याला आवतण द्यायचं, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. माझ्या लग्नाच्या आधीच्या पोळ्याची गोष्ट. आबांची नजर जवळजवळ गेली होती. त्यांनी नानांना कधीतरी विचारून ठेवलं होतं, "इना भार कोठे येस?" आणि नानांनी सहज सांगितलं होतं, पुढच्या चाकांच्या वर, रबराच्या फुग्यांवर. झालं. खांदमळणीच्या संध्याकाळी आबा वाटीभर तूप आणि हळद घेऊन एकटेच गोठ्यात गेले, चाकाशी बसले, हात आत घातला आणि दोन्ही फुगे मनापासून मळले. आवतण दिलं. आणि समाधानानं येऊन जेवले.

तुपाचा वास उंदरांना आला. सकाळी गाडी पुढच्या दोन्ही पायांवर बसली होती, मागून उठलेली आणि पुढून गुडघे टेकलेली, आणि फुग्यांना कुरतडून भोकं पाडलेली. नाना चाकाशी उकिडवे बसले. आत पत्र्यावर हळदीची पिवळी बोटं उमटली होती, म्हाताऱ्या, लांब बोटांची. नाना ती बोटं बघत राहिले. अक्का काही बोलायला लागली तशी त्यांनी तिला हातानं गप्प केलं. मग ओट्याकडे जाऊन आबांना म्हणाले, "आबा, बैल आज आळशी शे. थोडा येळ लागी."

"लागू दे," आबा म्हणाले, "सनना दिवस शे, त्याले बी कळस."

युसूफभाईंना सकाळच्या चहाच्या वेळेला निरोप मिळाला आणि दुपारपर्यंत ते हजर झाले. बरोबर दोन फुगे होते, स्वतःच्या गाडीतून काढलेले. त्यांची काळी गाडी जळगावच्या बाजारात भर गल्लीत लाकडी ठोकळ्यांवर उभी होती आणि ताडपत्रीचं गिऱ्हाईक तिला वळसा घालून जात होतं. आल्या आल्या कुर्ता खुंटीला. एका बाजूला नाना, एका बाजूला युसूफभाई, आणि नळ्या जोडायला माझे हात. पिवळी बोटं बघून युसूफभाई हळू म्हणाले, "नाना, इतना प्यार तर मी बी नाही केला गाडीवर." ऊन कलायच्या आत गाडी उठली. आबांना शेवटपर्यंत काही कळलं नाही. ते तोरणापर्यंत पुढच्या सीटवर बसून गेले, छाती काढून.

पण खांदमळणी बंद करणं कुणाच्या मनात आलं नाही. नानांनी तिला वळण दिलं. पुढच्या वर्षीपासून वाटीत तूप नाही, साबणाचं पाणी. वर चिमूटभर हळद. फुगा गळका असला की त्या पाण्याला बुडबुडे येतात आणि चीर कुठे आहे ते डोळ्यांना दिसतं. आबा गेले, तरी दर वर्षी खांदमळणीला आमच्या गाडीचा खांदा मळला जातो, आवतण दिलं जातं, आणि आमच्या घरात हसून नाही, गंभीरपणे दिलं जातं.

तर आज मी तेच केलं. पंपातून हवा येत नव्हती, म्हणून सायकलच्या दुकानातून हातानं हवा भरायचा पंप मागवून फुगे जेमतेम भरले, वाटीतलं पिवळं पाणी चारही फुग्यांना मळलं आणि मोबाइलच्या उजेडात बघत बसले. एक बुडबुडा नाही. फुगे ठणठणीत. म्हणजे पंपच गेला. सामानाचा कप्पा उचकटला, हात आत घातला. बोटांना सगळं आठवत होतं. नाना खुर्चीतून उठून माझ्या मागे आले होते आणि मी पाना मागायच्या आत तो माझ्याकडे सरकवत होते, डाव्या हातानं. पंप उघडला. मोटर जिवंत होती, पण आतली रिंग झिजून वितळल्यासारखी झाली होती.

"ही कुठे मिळायची आता," मी म्हणाले.

"युसूफकडे मियी," नाना म्हणाले, "पन मी फोन करनार नही. त्यानी गाडी कव्हयनी बसनी. त्याले कशाला तरास?"

मीच फोन केला. युसूफभाईंनी आधी मला झापलं. "होळीपासून बैठी है आणि आता सांगते? तेरा बाप तर पागल आहे, तू बँकवाली, तुला तरी अक्कल?" मग म्हणाले, त्यांच्या पंपाची मोटर जळाली आहे, पण रिंग त्यांनी जळायच्या आधीच नवी टाकली होती.

पोळ्याच्या सकाळी ते आले. काठी घेऊन, नातवाच्या स्कूटरवर, मांडीवर टॉवेलात गुंडाळलेला पंप. कुर्ता तसाच पांढरा, अत्तर तेच. आता त्यांना गाडीखाली सरपटता येत नाही. दोघे म्हातारे दोन खुर्च्यांवर शेजारी बसले आणि मी दोन मेलेल्या पंपांतून एक जिवंत पंप करत होते. दोघे एकाच वेळी वेगवेगळ्या सूचना देत होते. नाना म्हणत रिंग उलटी आहे, युसूफभाई म्हणत सरळ आहे, आणि मी म्हणाले की दोघं गप्प बसा नाहीतर सुभाषभाऊला बोलावते. दोघे एकदम गप्प झाले.

बाहेर वाजंत्री लागली होती. बैलांच्या घुंगरांचा आवाज गल्लीतून खाली जात होता. अक्का औक्षणाचं ताट घेऊन दारात उभी होती, आणि ताटातलं निरांजन वाऱ्यानं सारखं विझत होतं. मी पंप जागेवर बसवला, नळी जोडली, पुढे येऊन चावी फिरवली.

काही नाही.

मग घूंऽऽ. खरखरीत, घसा बसल्यासारखा, पण तो आवाज. युसूफभाईंनी डोळे मिटले. गाडीचा मागचा भाग उचलला गेला. थांबला. फार वेळ थांबला, इतका की मला वाटलं संपलं. मग पुढचा भाग, आधी डावा, मग उजवा, वर आला. अक्कानं निरांजन पुन्हा लावलं. नाना माझ्याकडे बघत नव्हते. ते गाडीकडेही बघत नव्हते. ते मांडीखालचा हात बाहेर काढून सगळ्यांना दिसेल असा मांडीवर ठेवत होते.

बॉनेटवर झूल, आरशांना गोंडे, पुढे झेंडूचा हार. चालवायला कोण, हे कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही. नानांनी डाव्या बाजूचं दार उघडलं आणि केळीच्या डागावर जाऊन बसले. युसूफभाई मागे. मी अनवाणीच गाडी बाहेर काढली.

गल्लीत लोक दोन्ही बाजूंना सरले. "ताई चालाडी ऱ्हायनी," एक बाई दुसरीला म्हणाली, आणि दुसरीनं पदर तोंडाला लावला. आमच्याकडे बायका बैलाला दारात ओवाळतात, तोरणापर्यंत जात नाहीत. वेशीत सुभाषभाऊची जोडी सजवून उभी होती, शिंगांना बेगड, पाठीवर आरशांची झूल, खरंच देखणी. सुभाषभाऊ स्वतः तोरणाखाली रस्त्याच्या मधोमध उभा होता. मानाच्या दुसऱ्या घरानं तिथे उभं राहून येणाऱ्याला विचारायचं, ही रीत. मी गाडी त्याच्यापासून हातभर अंतरावर थांबवली. पंप अजून घूं करत होता.

"कोना बैल शे हाऊ?" त्यानं विचारलं.

तो माझ्याकडे बघत नव्हता. तो वाकून पुढच्या काचेतून नानांकडे बघत होता. या प्रश्नाला आधी आबांनी उत्तर दिलं, मग नानांनी दिलं. गाव थांबलं होतं. मीही नानांकडे बघितलं. नाना सरळ समोर तोरणाकडे बघत होते. मग ते मान न वळवता, मला ऐकू येईल एवढंच म्हणाले, "इचारी ऱ्हायना ना तो. सांग."

मी काच पूर्ण खाली केली.

"मना शे," मी म्हणाले.

"कोना?" सुभाषभाऊनं पुन्हा विचारलं. त्याला ऐकू आलं नव्हतं असं नाही.

"मना बैल शे, सुभाषभाऊ. आते बाजूले व्हय."

तो बाजूला झाला, आणि मी गाडी पुढे घेतली.